असई, पंधरा मिलिमीटर: प्रकल्प नोंदी

१ जून २०२४, शनिवार

ठाण्याहून भाच्याचा खोका आला. आत वर्तमानपत्राच्या बोळ्यांत सव्वादोनशेच्या आसपास पंधरा मिलिमीटरचे रेझिनचे सैनिक. त्याच्या घरच्या थ्रीडी प्रिंटरवर तीन आठवडे रात्री चालू होतं हे काम. यादीप्रमाणे पायदळ १२८, गोलंदाज (म्हणजे तोफा डागणारे) ४०, स्वार ४८, तोफा १०. मी मोजले तर पायदळ १२६. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, खोक्याच्या तळाशी बघ, कागदात असतील." होते. एकाची मान मोडलेली.

ठरवलंय ते असं. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई टेबलावर मांडायची. शिंदे-भोसल्यांची बाजू मी रंगवणार, कंपनी सरकारची बाजू कोथरूडचा मित्र रंगवणार. त्याच्याकडे धातूच्या फिगर्स आधीपासून पडून आहेत, निम्म्या रंगवलेल्या. रविवार २२ सप्टेंबरला, म्हणजे बरोबर एक दिवस आधी, खेळायचं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली. बायकोने त्याखाली "गणपती ७ ला" असं लिहून ठेवलंय, नुसतंच, बाकी काही नाही.

प्रमाण: एक सैनिक म्हणजे साधारण ऐंशी माणसं, एक तोफ म्हणजे दहा तोफा. शिंद्यांचं कवायती पायदळ दहा हजारांच्या वर आणि तोफा शंभराच्या घरात, त्यामुळे हा हिशेब बसतो. स्वारांचा बसत नाही. ते तीस हजारांवर होते. म्हणजे पावणेचारशे घोडे. ते काही मी या जन्मात रंगवत नाही.

२ जून, रविवार

सपोर्ट काढणे. प्रिंट करताना प्रत्येक सैनिकाला खालून रेझिनच्या बारीक काड्यांचे टेकू असतात, ते कात्रीने तोडायचे आणि उरलेले ठिपके घासायचे. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, कारण ती धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. चार तासांत ५५ झाले. संगिनी तुटल्या अकरा. रेझिनची संगीन म्हणजे वाळलेलं गवत, बोट लागलं की गेली. जुन्या कपडे घासायच्या ब्रशाचा नायलॉनचा केस कापून फेविक्विकने लावला तर छान बसतो आणि वाकला तरी तुटत नाही. आता वाटतं, सगळ्यांच्याच अशा केल्या असत्या तर बरं.

९ जून, रविवार

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा तळाचा हात. आधी सगळ्यांवर काळा, मग फक्त वरून, डोक्याच्या दिशेने, पांढरा फवारा. यामुळे ऊन वरून पडल्यासारखी सावली आपोआप तयार होते. पगडी आणि खांदे उजळ, काखा आणि गुडघ्यांमागे काळोख. पंधरा मिलिमीटरच्या माणसाला डोळे रंगवायचे नसतात, ही गोष्ट मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं. भुवईखाली सावली पडली की डोळा आहे असं बघणाऱ्याला वाटतंच.

गच्चीत फवारत होतो तेव्हा पाऊस आला. जिन्यात पळालो. सहा स्वार ओले. परत करावे लागतील.

१६ जून, रविवार

आज एकही ब्रश धरला नाही, नुसता विचार केला. कोटाचा रंग कोणता?

आपल्या डोक्यात मराठा सैनिक म्हटला की दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा येतो. पांढरा अंगरखा, भगवा फेटा, मिशा. माझ्याही. हे वेड लागलं तेच मुळी किल्ल्यावरून. आमच्या वाड्यात पोरांचा किल्ला व्हायचा, गोणपाटावर चिखल थापून, वर अळीव पेरून, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. तोफ बुरुजापेक्षा मोठी, महाराज त्याहून मोठे. प्रमाण नावाची भानगड नव्हती, आणि कोणाचं काही अडतही नव्हतं.

पण असईला जे पायदळ उभं होतं ते असं नव्हतं. महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर डिबॉयन या युरोपियन सेनानीकरवी उभे केलेले कवायती कंपू, म्हणजे पलटणींचे मोठे गट. बहुतेक शिपाई उत्तर हिंदुस्थानातले पुरबिये, बंदूक युरोपियन धाटणीची, ढोलाच्या ठेक्यावर पावलं. डिबॉयन गेला, पेराँ आला. असईला पायदळाची सूत्रं पोलमनच्या हातात, म्हणजे जर्मनीतल्या हॅनोव्हरचा माणूस, जो आधी कंपनीच्याच एका जर्मन पलटणीत सार्जंट होता. शिवाय सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी. महादजींची छत्री आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, वानवडीत. रोज सकाळी तिथून फिरायला जातो आणि हे माहीत असूनही माझ्या डोक्यातला सैनिक मात्र किल्ल्यावरचाच.

धाकटी शेजारी येऊन बसली. दोन्ही बाजूंच्या याद्या कागदावर होत्या. "बाबा, यातले आपले कुठले?"

मी म्हटलं, हे शिंद्यांचे.

"मग हे पेशव्यांचे स्वार इकडे का?"

कारण ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला आणि दुसरा बाजीराव इंग्रजांचा मित्र झाला, म्हणून पेशव्यांचे स्वार कंपनीचा सेनापती वेलस्ली याच्या बाजूला. हे सहावीतल्या मुलीला समजेल असं सांगायला मला चहाचा एक कप लागला. तिने यादीत पेशव्यांच्या स्वारांपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

रंगाचा निर्णय शेवटी अगदी व्यवहारी कारणाने घेतला. लाल दिला तर सहा फुटांवरून समोरचे आणि माझे सारखेच दिसतील. निळा कोट, पांढरी विजार, पगडीला पलटणीप्रमाणे वेगळा रंग.

२९ जून, शनिवार

पायदळाच्या चार पलटणी झाल्या. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. निळा, पांढरा, तपकिरी, पट्ट्याची पांढरी फुली, वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग), पुढचा. आगगाडीचे डबे.

आज गोलंदाज हातात घेतले आणि वेग एकदम कमी झाला.

मुद्दाम केला. या लढाईबद्दल वाचताना एक गोष्ट परत परत येते, तीही समोरच्या बाजूच्या लोकांनी लिहिलेली: शिंद्यांचे गोलंदाज तोफ सोडून हलले नाहीत, संगीन छातीत जाईपर्यंत भरत आणि डागत राहिले. मग यांना आगगाडीचे डबे कसे करणार?

पहिली अडचण कातडीची. विदेशी रंगांच्या बाटल्यांवर "फ्लेश" लिहिलेलं असतं तो रंग कोणाचा फ्लेश आहे हे आपल्याला कळतं. म्हणून कॅम्लिनच्या ट्यूब. बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर एक, आणि टाचणीच्या टोकावर मावेल एवढा पांढरा. दिव्याखाली स्वतःचा हात शेजारी धरून जुळवत बसलो. जुळला. मग लक्षात आलं की मी ऑफिसात एसीत बसणारा माणूस आणि हा सप्टेंबरच्या उन्हात तोफेजवळ उभा. अर्धा थेंब बर्न्ट अंबर आणखी.

ट्यूबमधले रंग जाड असतात. नुसतं पाणी घातलं की फाटतात आणि खड्ड्यात जमा होतात. पाण्याबरोबर थोडं ॲक्रिलिक मीडियम घातलं तर दुधासारखे पसरतात. दोन पातळ हात, एक जाड नाही.

जामगी, म्हणजे तोफ डागायची पेटती वात, धरलेला एक गोलंदाज आहे, एक हात पुढे, मान थोडी वळवलेली, जसं आपण फटाक्याची वात पेटवताना करतो. त्याच्या चेहऱ्यावर पाऊण तास गेला. गालावर एक फिकट ठिपका, नाकाच्या शेंड्यावर एक, हनुवटीला एक. मिशी म्हणजे ट्रिपल झीरो ब्रशाने एकच ओढ, श्वास धरून. मग बोटांच्या टोकांना आणि मनगटापर्यंत काळसर धुरकट रंग, कोरड्या ब्रशाने पुसत पुसत. दारूगोळ्याजवळ काम करणाऱ्याचे हात स्वच्छ नसतात. जामगीच्या टोकाला नारिंगी, त्यावर पिवळा, त्यावर सुईच्या टोकाने पांढरा. खोलीतला दिवा बंद केला तर जळते आहे असं वाटलं. रात्रीचे दोन वाजले होते, त्यामुळे वाटण्याला फारसा अर्थ नाही.

अजून एकोणचाळीस.

१४ जुलै, रविवार

बुरशी!

तळांवर माती म्हणून वाळवलेली चहाची पूड वापरली होती. स्वस्त, रंग छान, पोत अगदी मातीसारखा. उन्हाळ्यात केलं असतं तर चाललं असतं. आज डबा उघडला तर दोन पलटणींच्या पायाशी पांढरी लव. जणू माथेरानात उभे आहेत. सगळं खरवडून काढलं, फेविकॉलसकट. आता रांगोळी. तुळशीबागेतून आणलेली साधी पांढरी रांगोळी म्हणजे दगडाचा भुगाच, तिला कधी बुरशी येणार नाही. फेविकॉल लावायचा, रांगोळीत बुडवायचं, वाळलं की रंगवायचं. जाडसर हवी तर नदीची वाळू चहाच्या गाळणीतून चाळून. बायको म्हणाली, आधी माझी चहाची पूड, मग गाळणी, आता रांगोळी, पुढे काय नेणार ते एकदाच सांगून टाक.

२० जुलै, शनिवार

आज त्याहून वाईट झालं. झालेल्या सोळा गोलंदाजांवर मॅट वार्निशचा फवारा मारला आणि दहा मिनिटांत सगळे धुक्यात गेले. हवेत दमटपणा असताना फवारला की थरात बाष्प अडकतं आणि पांढरं दिसतं. डब्यावर लिहिलेलं असतं. मला माहीतही होतं. पण दोन दिवस पाऊस थांबला होता आणि मला घाई होती.

जामगीवाला पार राखेत लोळल्यासारखा.

मित्राला फोन केला. "रडू नकोस, त्याच्यावर ब्रशाने ग्लॉस वार्निश लाव," म्हणाला. ग्लॉसचा थर आत भरतो आणि धुकं नाहीसं होतं. लावलं. गेलं. आता सोळाही जण तेलाने अभ्यंगस्नान केल्यासारखे चकचकीत. मॅट परत लावायचं आहे, पण ब्रशाने, आणि पाऊस गेल्यावर.

४ ऑगस्ट

ऑफिसचं काम. दोन आठवड्यांत तीन घोडे.

१८ ऑगस्ट, रविवार, छत्रपती संभाजीनगर

उद्या राखी, त्यामुळे ताईकडे आलोय. सकाळी भाऊजींची गाडी घेऊन सिल्लोडमार्गे भोकरदन आणि पुढे असई. ताई म्हणाली, "राखीला आलास की लढाईला?"

जे टेबलावर करायचं ते आधी डोळ्यांनी बघावं म्हणतात, ते खरं आहे. नकाशावर केळणा आणि जुई या दोन निळ्या रेघा. जागेवर मात्र केळणेचे काठ काळ्या मातीत उभे कापलेले, खाली गढूळ पाणी. घोडा कुठूनही उतरवता येईल अशी नदी नाही. बैल जोडलेली तोफ तर नाहीच. म्हणजे उतार, नदी ओलांडता येईल अशी जागा, कुठे आहे हाच सगळा प्रश्न. वेलस्लीच्या वाटाड्यांनी सांगितलं होतं की उतार नाही. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने अंदाज केला की अशी गावं असतील तर त्यांच्यामध्ये जायला-यायला वाट असणारच. होती. माणूस चौतीस वर्षांचा. समोर दौलतराव शिंदे चोवीस.

दोन नद्यांमधली जमीन चिंचोळी, आणि पुढे दोन्ही नद्या एकमेकींना मिळतात. शिंद्यांचं पायदळ दक्षिणेला नदीकडे तोंड करून होतं. इंग्रज पूर्वेकडून नदी उतरून आत आले तेव्हा पोलमनने सगळी रांग काटकोनात फिरवली, एक टोक केळणेला, दुसरं असई गावाला. दहा हजार माणसं आणि तोफा, गोळीबार चालू असताना. मी कपाशीच्या बांधावर उभा राहून हातानेच ती रांग फिरवून बघितली. बांधावरचे एक आजोबा बघत होते. "मोजणीवाले का?" म्हणाले. म्हटलं नाही, लढाईचं बघतोय. "मग त्याला किती वर्सं झाली," ते म्हणाले, आणि विडी पेटवली. पुढे मग त्यांनीच नदीकडे उतरायची वाट दाखवली.

मूठभर माती पिशवीत घेतली. ओली असताना काळी कुळकुळीत. ताईकडे येऊन पंख्याखाली वाळवली तर राखाडी. माझे सगळे तळ काळे आहेत.

२५ ऑगस्ट, रविवार

तळांवर राखाडीचा ड्रायब्रश. ब्रश रंगात बुडवायचा, कागदावर जवळजवळ पूर्ण पुसायचा, मग उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. दोनशे तळ दोन तासांत. या छंदातलं सर्वांत सोपं आणि सर्वांत समाधानाचं काम हेच.

गवत किती लावायचं? सप्टेंबर म्हणजे खरं तर हिरवंगार हवं. पण १८०३ चं वर्ष दख्खनेत दुष्काळाचं, त्यात फौजांची ये-जा. काथ्या बारीक कापून पिवळट रंगात बुडवला, तो तुरळक लावला. हिरवा जवळपास नाहीच. मित्राला फोटो पाठवला तर म्हणाला, "उन्हाळ्यात लढतायत का रे?"

१ सप्टेंबर, रविवार

पाट तयार. चार फूट बाय तीन फूटचे दोन तुकडे, इन्सुलेशनचा दाट फोम, खाली प्लाय. नदीचे काठ कटरने उभे कापले, आता खरे दिसतात. असई गाव म्हणजे मातीच्या भिंती, पुठ्ठ्यावर एम-सीलचा थर, त्यावर रांगोळी. झाडं तारेची.

नदीत पारदर्शक इपॉक्सी ओतली, दोन थरांत, गढूळ रंगासाठी थेंबभर यलो ऑकर. पाटाच्या कडेला जिथे नदी संपते तिथे टेपचा बांध घातला होता. रात्री साडेअकराला बांध फुटला. केळणा डायनिंग टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून फरशीवर. इपॉक्सी सुकायच्या आत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढली, एक वाजेपर्यंत. टेबलावर एक चकचकीत ओघळ राहिलाय, तो आता कायमचा. सकाळी कोणी काहीच बोललं नाही. ते जास्त लागलं.

बांधाला आतून गरम गोंद लावायचा असतो. नुसती टेप पुरत नाही. ज्याला ही चूक टाळता येईल त्याने टाळावी.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. पाट पलंगाखाली. टेबल गणपतीचं.

२२ सप्टेंबर, रविवार

आज खेळायचं होतं. नाही झालं. मित्राच्या मद्रासी पलटणी अजून पांढऱ्या प्रायमरात आहेत. तरी संध्याकाळी जे तयार आहे ते घेऊन आला, आणि मला दिवसभरातलं सगळ्यांत मोठं सुख मिळालं.

त्याने ७४ व्या हायलँडर, म्हणजे स्कॉटिश, पलटणीचं निशाण स्वतः हाताने रंगवलंय. नखाएवढं कापड, त्यावर हत्ती. खरोखर अप्रतिम हत्ती, सोंड, सुळा, सगळं. मी अर्धा मिनिट बघत राहिलो आणि मग विचारलं, "हा हत्ती त्यांना कशाबद्दल मिळाला?"

"असईबद्दल," तो म्हणाला. मग गप्प झाला. मग एक शिवी दिली.

असईच्या पराक्रमाबद्दल ७४ वी, ७८ वी आणि १९ वी लाइट ड्रॅगून (घोडदळ) यांना हत्तीचं चिन्ह मिळालं. नंतर. लढाई चालू असताना ते निशाण कसं असेल? "काढून टाकू का?" म्हणाला. म्हटलं, अजिबात नको, असा हत्ती परत जमणार नाही. पुढे मिळणारं निशाण आधीच घेऊन लढणारी पलटण, राहू दे.

तो गेल्यावर स्वार पूर्ण केले. घोड्यांचे रंग: कुमैत (तांबूस तपकिरी) जास्त, थोडे काळे, चार अबलख (काळे-पांढरे), आणि सरदाराला पंचकल्याणी, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे आणि कपाळावर पट्टा. एवढं पुस्तकी राजसपण एकाला तरी मिळावं.

६ ऑक्टोबर, रविवार

चाचणीचा डाव. मी जिंकलो, पाचव्या फेरीत. खरी लढाई शिंदे हरले होते, त्यामुळे नियम चुकले आहेत हे कळलं.

दोन चुका. एक, टेबलावर उतार दिसतो. वेलस्लीला जो अंदाज करावा लागला तो माझ्या मित्राला करावा लागलाच नाही, आणि मलाही कळलं की तो कुठून येणार. मी तिथेच पाच तोफा लावल्या. आता नदीवर तीन ठिकाणी पत्ते उपडे ठेवायचे, त्यातला एकच उतार. पत्ता उलटेपर्यंत दोघांनाही माहीत नाही.

दोन, घोडदळ. मी सगळे ४८ स्वार एकदम सोडले आणि डाव संपला. प्रत्यक्षात ते जवळपास लढलेच नाहीत. दौलतराव आणि रघूजी भोसले सुरुवातीलाच मैदानातून गेले, आणि तीस हजार स्वारांना एकदम हलवणारं कोणी राहिलं नाही. खेळणाऱ्याचा हात मात्र वरून सगळ्यांना एकदम उचलतो. नवा नियम: प्रत्येक फेरीत प्रत्येक पथकासाठी फासा, सहा पडले तरच हलायचं.

मग मित्राची यादी बघताना धाकटीचं पेन्सिलचं प्रश्नचिन्ह दिसलं. पेशव्यांचे आणि म्हैसूरचे मिळून पाचेक हजार स्वार वेलस्लीने केळणेच्या दक्षिणेलाच ठेवले होते, समोरच्या स्वारांवर नजर ठेवायला. तेही लढले नाहीत. म्हणजे नदीच्या अलीकडे मराठा स्वार उभे, पलीकडे मराठा स्वार उभे, आणि मध्ये पुरबिये, मद्रासी, स्कॉटिश आणि एक हॅनोव्हरी. त्यांनाही तोच फासा लावला.

तिसरा नियम गोलंदाजांचा. हायलँडर तोफांवरून पुढे गेले तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीत मारा केला. इंग्रजांना मागे येऊन त्या परत घ्याव्या लागल्या. यासाठी पडलेले चार गोलंदाज हवेत. उरलेल्या रेझिनच्या तुकड्यांपासून केले: कंबरेत कापायचे, गरम पाण्यात बुडवून वाकवायचे, एम-सीलने सांधायचे. एकाचा हात मुद्दाम चाकाच्या आरीवर ठेवला. डोळे रंगवायचे नसतात हा नियम फक्त त्याच्यासाठी मोडला. एका बाजूचा डोळा उघडा. जवळून बघितलं तरच दिसतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

धाकटीचा किल्ला. बिल्डिंगच्या मागे, पोरांनी मिळून. तिने विचारलं, "एक गोलंदाज देशील?" जामगीवाला मागितला. मी म्हटलं, तो सोडून कुठलाही घे. घेतला. मातीच्या मावळ्यांच्या गुडघ्याएवढा दिसतो. तिने त्याला बुरुजाच्या टोकाला उभं केलंय आणि शेजारी पाटी: "लांब आहे म्हणून लहान दिसतो."

१० नोव्हेंबर, रविवार

झाला डाव. सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, मध्ये पोहे.

तिसऱ्या पत्त्यावर उतार निघाला, त्यामुळे त्याचा नदी उतरायलाच वेळ गेला. माझी रांग फिरली, पण सगळ्यांत डावीकडची पलटण फासा चुकल्याने मागे राहिली. त्याचे तोफेचे बैल पहिल्याच माऱ्यात गेले, खऱ्या लढाईतही असंच झालं होतं. तोफा सोडून संगिनी घेऊन चालत आला. उजव्या टोकासाठी आम्ही एक खास फासा ठेवला होता: एक किंवा दोन पडले तर त्याची पहाऱ्याची तुकडी वाट चुकून सरळ असई गावावर जाणार आणि ७४ वी तिच्यामागे, कारण त्या दिवशी तसंच झालं आणि त्या पलटणीची चारशेच्या आसपास माणसं तिथे मेली किंवा जखमी झाली. त्याने फासा टाकला. एक.

"तुझा हत्ती," मी म्हटलं.

"गप रे."

७४ वी गेली. मॅक्सवेलचे ड्रॅगून मदतीला आले आणि त्यांनी माझी ती बाजू झोडपून काढली. केळणेकडून ७८ वी माझ्या पाच तोफांवरून पुढे गेली. मी गोलंदाज आडवे केले. पुढच्या फेरीत पाचपैकी दोन उठले. त्यातला एक जामगीवाला. त्याच्या माऱ्याने मित्राची एक मद्रासी पलटण अडखळली आणि मी टेबलावर हात आपटला, त्यामुळे एक झाड पडलं. वेलस्लीसाठी धोक्याचा फासा: घोडा मेला, तो वाचला. त्या दिवशीही त्याचे घोडे असेच गेले होते.

स्वारांचे फासे धाकटी टाकत होती, दोन्ही बाजूंचे. आठ फेऱ्यांत सहा एकदाच पडलं. माझं एक पथक निघालं, अर्ध्या टेबलापर्यंत गेलं आणि पुढच्या फेरीत परत उभं. "बाबा, हे सगळे नुसते उभेच आहेत," ती म्हणाली. मग नदीपलीकडच्यांकडे बोट करून, "हे पण."

नवव्या फेरीत माझी रांग फुटली. दहापैकी सात तोफा गेल्या. खऱ्या लढाईत ९८ गेल्या होत्या. त्याच्या बाजूलाही निम्म्या पलटणी राहिल्या नव्हत्या. वेलस्लीचे त्या दिवशी ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले होते, त्या मानाने मित्राने आज जास्तच गमावले. तो तक्रार करत होता की पत्त्यांचा नियम अन्यायाचा आहे. मी म्हटलं, फासा तू टाकलास.

दुरुस्ती: संगिनी सहा. पंचकल्याणीचा मागचा डावा पाय. असईच्या वेशीजवळची भिंत (कोपर लागलं, कोणाचं ते दोघांनाही ठाऊक आहे). गोलंदाज एकोणचाळीस ठीक आहेत, चाळिसावा किल्ल्यावरून परत आला, पण पायाला चिखल आणि पगडीत अळिवाचं एक बी रुजलेलं. ते काढायला धाकटी तयार नाही.

पाट पलंगाखाली. डिसेंबरात हवा कोरडी होईल तेव्हा मॅट वार्निश.